सातव्या दिवसाच्या दोन रेघा

"दोनच आहेत ना? ताई, नीट बघा. मला दोन दिसतायत, पण माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही."

धाकट्या जाऊबाईंनी गर्भचाचणीचं किट माझ्या नाकासमोर धरलं. रेघा दोनच होत्या. आतल्या खोलीतून दीर धावत आला, त्याच्या मागून सासूबाई आल्या. सहा वर्षं वाट पाहिलेलं घर ते, दोन मिनिटांत सगळ्यांचे डोळे भरले. सासूबाईंनी लगेच नणंदेला फोन लावला.

मी मात्र मनातल्या मनात इंजेक्शनापासूनचे दिवस मोजले. सात.

स्त्रीबीज बाहेर पडण्यासाठीचं ते इंजेक्शन मीच दिलं होतं. वंध्यत्वाच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं नर्स आहे. घरातही मला 'सिस्टरबाई' म्हणतात, थोडं कौतुकानं, थोडं चिडवायला. दवाखान्यात सुई टोचण्याआधी मी प्रत्येकीला बजावते, "चौदा दिवस घरी तपासायचं नाही. किट जे हार्मोन शोधतं, तेच या इंजेक्शनात असतं. ते अंगातून जाईपर्यंत किट तुम्हाला फसवेल." कुणी विचारतं, तापाची गोळी घेतली तर? सर्दी झाली तर? मी सांगते, त्यानं काही होत नाही. हेच इंजेक्शन तेवढं सांभाळा.

बजावलं नाही ते फक्त हिला. स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी करून टोचलं. ती सुईला घाबरते म्हणून मी तिची थट्टा करत होते, तेवढ्यात दूध उतू गेलं, आम्ही दोघी हसत फडकं शोधत बसलो. घरच्या माणसाला कोण पेशंट समजतं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गप्प बसावं, असंही क्षणभर वाटलं. कुणी सांगावं, खरंच असेल. पण सासूबाईंनी आता मावशींना फोन लावला, तेव्हा मात्र मी जाऊबाईंना हाताला धरून आत नेलं आणि दार लोटलं.

"ही रेघ इंजेक्शनाची असू शकते," मी म्हटलं. "दिवस राहिलेही असतील, नसतीलही. आज कळणार नाही. अजून आठवडा थांबून रक्त तपासू."

ती पलंगावर बसली. किट तिनं उशाशी उलटं ठेवलं.

"हे दवाखान्यात सगळ्यांना सांगता?"

"सगळ्यांना."

"मग मला?"

"विसरले गं."

ती रडली नाही. रडली असती, ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी जाऊन सांगते आईंना," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"नको." तिनं माझा पदर धरला. "तुमचं नाव आलं तर पुढच्या वेळी आई बाहेरच्या कुणाकडे तरी पाठवतील मला. मला तुम्हीच हव्यात. तुम्ही टोचता तेव्हा मला भीती वाटत नाही."

पुढची वेळ. म्हणजे या वेळी झालं नाही, असं तिनं मनाशी धरूनही टाकलं होतं.

ती उठली, बाहेर गेली आणि फोन धरलेल्या सासूबाईंसमोर उभी राहिली. "आई, आत्ता कुणाला सांगू नका. इतक्या लवकर तपासायचं नसतं. इंजेक्शनानंही अशी रेघ येते. ताईंनी मला सांगितलं होतं, मीच घाई केली."

सासूबाईंनी फोन खाली ठेवला. दीर खिडकीकडे वळला.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," सासूबाई म्हणाल्या. "घरात एवढी जाणती बाई असून तिचं ऐकायचं नाही? सगळ्यांच्या जिवाला घोर लावलास."

"चुकलं माझं," ती म्हणाली.

मी दारात उभी होते. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. तिनं माझ्याकडे पाहून किंचित नकारार्थी मान हलवली, आणि मी गप्प राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

मग तिनं ओट्यावरचा माझा डबा बंद केला, पिशवीत घातला आणि आणून दिला. "निघा ताई, ड्यूटीला उशीर होईल."

बावीस वर्षं मी बायकांना धीर देत आले. त्या सकाळी, हातात पिशवी देताना, तो तिनं मला दिला.