खुंटीवरची इंडी

मी एक जुनी चुंबळ आहे. डोक्यावर घागर ठेवताना बायका मधे जी गोल कापडी बैठक घेतात, तीच मी. आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात मला इंडी म्हणतात. मी सांगणार आहे ती गोष्ट २०२१ च्या उन्हाळ्यात सुरू झाली आणि २०२२ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा निकाल लागला. पण मित्रांनो, माझा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. म्हाताऱ्या वस्तूला आधीचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

बोरी अरबपासून तीन कोसांवरच्या तांड्यात जमनाबाईंनी मला १९७८ साली शिवलं. तेव्हा त्यांचं लग्न ठरलं होतं. आईच्या फाटक्या घागऱ्याच्या चिंध्या पीळ देऊन गुंडाळल्या, वर लाल कापड ताणलं, काठाला एकवीस कवड्या आणि मधे आरशाचे बारीक तुकडे टाचले. तीजेच्या सणाला गव्हाच्या कोंबांची टोपली माझ्यावर ठेवून जमनाबाई चालल्या, तेव्हा बायका टोपलीकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. ते मी अजून विसरले नाही.

आमच्या तांड्यात एक रीत आहे. पाणी भरून झालं की इंडी दाराजवळच्या खुंटीला टांगायची. खुंटी रिकामी असेल तर घरची बाई विहिरीवर आहे. खुंटीवर इंडी असेल तर बाई घरात आहे. आलेला माणूस आधी खुंटी बघतो आणि मगच हाक मारतो. लहान पोरांनाही हे शिकवावं लागत नाही.

खरं सांगते, माझा स्वभाव चांगला नाही. मला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही. तांड्यात नळ आला तेव्हा मी आतल्या आत जळले. पुढे तो चार दिवसांतून एकदाच येऊ लागला, तेव्हा विहिरीच्या वाटेवर मी मनातल्या मनात त्याला खूप चिडवलं.

जमनाबाईंचा मुलगा जीवन याचं लग्न झालं आणि वर्षा घरात आली. जमनाबाईंनी मला तिच्या हातात दिलं. वर्षाची मान सरळ होती. दोन घागरी घेऊन ती चढ चढायची, पण माझी एक कवडी हलायची नाही. आमच्या गोर बोलीत आईला म्हणतात तसं ती सासूला याडी म्हणायची. तिला अंजू झाली. ती माझी चांगली वर्षं होती.

पण घरात दुसरंही काही चालायचं, आणि खुंटीवरून मला ते दिसायचं. जीवन चिडला की वर्षाचे केस धरायचा. एकदा त्याने तिचा गळा दाबला. एकदा डोकं भिंतीवर आपटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर बसताना मला टेंगूळ लागायचं, आणि ती एवढंच म्हणायची, ‘आज इंडी टोचून राह्यली.’ म्हणजे दोष माझा.

त्या उन्हाळ्यातल्या सकाळी तिच्या दोन खेपा झाल्या होत्या. मी खुंटीवर होते. भाकरीला उशीर झाला म्हणून जीवनने तिला ढकललं. तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं आणि ती तिथेच पडली. जमनाबाई शेतातून आल्या. सवयीने त्यांची नजर आधी खुंटीकडे गेली, मग खाली. जीवन म्हणाला, ‘विहिरीच्या चढावर घसरली. इंडी सरकली.’ जमनाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनीही आपल्या काळात नवऱ्याचा मार खाल्ला होता, आणि मार बोलून दाखवायचा नसतो हेच त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, पदराखाली धरलं आणि कोठीमागे टाकलं.

तांडाभर झालं की जमनाबाईंची इंडी अपशकुनी निघाली. जिची एक कवडी कधी हलली नाही, तिच्यावर घसरल्याचा आळ आला. मला भारी राग आला होता.

वर्षा बारा टाके घालून घरी आली. जखम भरली, पण वर्षा पहिल्यासारखी झाली नाही. उजेडाने तिचे डोळे दुखायचे. दोन माणसं एकदम बोलली की ती कान झाकायची. चुलीवर दूध ठेवून विसरायची. ‘परात’ म्हणायचं असे आणि शब्दच सापडत नसे. मग ती चिडायची, मग रडायची. तांड्यातले लोक तिला येडी म्हणू लागले. जीवन तर मोठ्याने म्हणायचा. एकदा ती बोरी अरबच्या बाजारातून एकटीच घरी आली. बरोबर नेलेली अंजू तिकडेच बांगड्यांच्या दुकानापाशी उभी राहून रडत होती. तेव्हापासून जीवन धरून बसला की वर्षाला माहेरी पाठवायचं आणि अंजूला घरी ठेवायचं. पोरगी तिच्यापाशी जगणार नाही म्हणे.

अशात दारव्ह्याच्या केंद्रातून इंदुताई आल्या. मार खाल्लेल्या बायकांच्या मदतीला त्या गावोगाव जात. घरात आल्या त्या खाली बसल्या, खिडकीला ओढणी लावून उजेड कमी केला आणि हळू आवाजात एकच प्रश्न विचारला. उत्तर यायला किती वेळ लागला म्हणून सांगू? पण त्या थांबल्या. मग दुसरा विचारला. डोक्याला किती वेळा लागलं, गळा दाबला होता का, मग चक्कर आली होती का.

‘मी येडी झाली का ताई?’ वर्षाने विचारलं.

‘नाई बाई,’ इंदुताई म्हणाल्या. ‘मेंदूले मार लागला तुह्या. पाय मोडला तर लोकायले दिसते, हे दिसत नाई, एवढाच फरक.’

त्यांनी तिला यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेलं. येताना एक वही आणली. तळहाताएवढी, निळ्या पुठ्ठ्याची, दोरी ओवलेली. वर्षा ती गळ्यात घालू लागली. चूल विझवली का, गोळी घेतली का, अंजूची शाळा किती वाजता सुटते, सगळं तिच्यात. कधी कधी मार लागला ते जसजसं आठवेल तसं तेही तिच्यात.

मित्रांनो, कोठीमागच्या फटीतून मी त्या वहीकडे बघायची आणि माझ्या चिंध्यांना आग लागायची. ना कवडी, ना आरसा, तिला ओझं कधी माहीत नाही. आणि वर्षा दिवसातून चाळीस वेळा तिला हातात घेणार, अंजू तिच्यावर फुलं काढणार, जमनाबाईसुद्धा ‘वही घेतली का बाई?’ म्हणून विचारणार. माझी कोणी आठवण काढली नाही. मी रोज मनात म्हणायची, ही हरवू दे, ही भिजू दे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अंजूचा निकाल करायला तांडा बसणार होता. नवरा मारतो हे वर्षा तिथे वहीतून वाचून दाखवणार होती. पोळ्याच्या संध्याकाळी वर्षाने अंगणात तोंड धुताना वही काढून दगडावर ठेवली आणि शेळीने ती अर्धी खाल्ली. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

तो आनंद फार टिकला नाही. वर्षा ते उरलेले कागद मांडीवर घेऊन बसली. एकेक पान लावून बघत होती, आणि ‘अंजू, अंजू’ एवढंच म्हणत होती. तेव्हा मला कळलं की शेळीने वही खाल्ली नव्हती, वर्षाची आठवण खाल्ली होती. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आमच्याच अंगणात निंबाखाली माणसं जमली. तांड्याचे नाईक उत्तमसिंग मधे बसले. जीवन हसत म्हणाला, ‘मारलं म्हणते ना, तर मंग तारीख सांग. कोण्या दिवशी मारलं?’ वर्षाने वही उघडली. पानं कुरतडलेली. कोणीतरी म्हणालं, शेळी हिच्यापेक्षा जास्त शिकली. माणसं हसली. वर्षाशेजारी बसलेल्या इंदुताई म्हणाल्या की मार लागलेल्या डोक्यातून तारीखच आधी जाते, म्हणून मार खोटा होत नाही. उत्तमसिंगांनी त्यांना बाहेरच्या माणसाने बोलू नये असं सांगितलं. आता अंजू जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. वर्षाने तिचा हात धरून ठेवला होता, बस.

जमनाबाई उठल्या. घरात आल्या. कोठीमागे हात घालून त्यांनी मला काढलं, जाळं झटकलं आणि नाईकांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

‘त्या दिवशी इंडी खुंटीवर होती,’ त्या म्हणाल्या. ‘पाणी भरून झालतं. मीनंच काढली तिले खुंटीवरून, मीनंच लपवली.’

कोणी हसलं नाही. कोणाला काही समजावून सांगावंही लागलं नाही. इंडी खुंटीवर होती म्हणजे वर्षा घरात होती, आणि घरात विहिरीचा चढ नसतो.

‘याडी,’ जीवन म्हणाला, ‘पोराच्या इरुद्ध बोलून राह्यली?’

‘सव्वा वर्ष तुह्या बाजूनं गप बसली ना,’ जमनाबाई म्हणाल्या. ‘आता पुरे.’

उत्तमसिंगांनी मला उचललं, कवड्यांवरून अंगठा फिरवला आणि अंजू आईपाशीच राहील असं सांगितलं. बाकीचं पोलिसांनी बघावं म्हणाले.

पुढे कोणाचं काय झालं, तेही सांगते. जीवनवर दारव्ह्याच्या कोर्टात खटला चालू आहे. तो राजूरकडे कामाला असतो, आणि घराकडे यायची त्याला मनाई आहे. जमनाबाई सुनेजवळच राहतात. आपण आधी का बोललो नाही, हे त्या अजूनही स्वतःला विचारतात. इंदुताईंचं काम आता बाभुळगावकडे आहे. दर रविवारी त्यांचा फोन येतो, आणि अजूनही त्या एका वेळी एकच प्रश्न विचारतात. उत्तमसिंग आता तांड्यात कोणी येडी म्हटलं की आधी विचारतात, ‘डोक्याले कधी लागलं होतं का?’ अंजू चौथीत आहे आणि आईची वही रोज रात्री तीच तपासते. वर्षा पूर्ण बरी झाली नाही, कदाचित होणारही नाही. पण घर तिचं ती चालवते, आणि थकली की न लाजता आडवी होते.

डॉक्टरांनी तिला डोक्यावर ओझं घ्यायला मनाई केली आहे. म्हणजे मी आता तिच्या डोक्यावर कधी बसणार नाही. मी परत खुंटीवर आहे, आणि नवी वही माझ्याच खुंटीला लटकते. तिच्याबद्दल अजूनही माझ्या पोटात दुखतं. पण वर्षा वही कुठे ठेवली ते विसरते, तेव्हा घरभर शोधत नाही. ती आधी माझ्याकडे बघते. मी कुठे असते, ते ती विसरलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारात एखादी बाई विसरत असेल, अडखळत असेल, उगाच चिडत असेल, तर तिला हसू नका. तिच्यापाशी बसा, हळू बोला, उत्तराला वेळ द्या. आणि खुंटीवर काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल, तर सव्वा वर्ष थांबू नका.