एकतिसाव्या घराचं वरण

घर घ्यायचं तर काय काय पाहावं, हे मले विचारा. सहा वर्षांत तीस घरं पाहिली आणि त्यातलं एकही घेतलं नाही. एवढा अभ्यास तर मी बी.एड.लेही केला नव्हता.

पाहणारे आमचे हे. कागदावर नाव वीरेंद्र, तहसील ऑफिसातून रिटायर झालेले बाबू. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनीची भांडणं वाचली, म्हणून यांचा कोणावर भरोसा नाही. खिशात एक काचेची गोटी. घरात शिरले का पहिले ती फरशीवर सोडायची आणि कुठं घरंगळते ते पाहायचं. मग भिंतीले तळवा लावून ओल पाहायची. मग छतावर चढायचं. मग शेजारी जाऊन नळ किती दिवसाआड येतो ते विचारायचं, म्हणजे शेजारी कसा आहे तेही समजते. एकदा भर दुपारी जायचं, एकदा पाण्यापावसात जायचं. मी मागं मागं, एका हातात पर्स आणि एका हातात रिकामी बाटली.

बाटलीचं काम माझं. लग्नानंतर दीड वर्ष आम्ही रामाकोन्याले भाड्यानं होतो. तिथल्या विहिरीचं पाणी असं जड, का तुरीची डाळ दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा न् दाणा वेगळा. तेव्हा यांचं पोट जे बिघडलं ते बिघडलंच. म्हणून यांचा नियम, जिथं वरण शिजत नाही तिथं राहायचं नाही. मी प्रत्येक घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून सौंसरले, आमच्या भाड्याच्या घरी, आणायची, दुसऱ्या दिवशी त्यात मूठभर डाळ शिजवायची आणि यांच्यापुढं ठेवायची. हे एक दाणा बोटानं दाबणार, मग चाखणार. "नाही शिजलं," म्हटलं का ते घर गेलं.

बारा घरं तर वरणावरच गेली. बाकीची आणखी कशावर. तिगावचं चांगलं होतं, पण मालगाडी निघाली का मांडणीवरची भांडी वाजत. सौंसरातल्या एकाचा येण्याजाण्याचा रस्ता विकणाऱ्याच्या भावाच्या नावावर होता, आणि दोघा भावांचं बोलणं बंद. एक घर संत्र्याची बाग तोडून बांधलेलं, दिसायले बंगला, कागदावर अजून शेतच. खोटं कशाले बोलू, यांची एकही शंका चुकीची नव्हती. तेच तर दुखणं होतं. चुकीची असती तर भांडता आलं असतं.

मी थकली होती. चाळीस वर्षांत अकरा भाड्याची घरं, आणि प्रत्येक मालकाचं पहिलं वाक्य एकच, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. शाळेतून रिटायर झाली तेव्हा सोबतच्या बायांनी मले भिंतीवरचं घड्याळ दिलं, मागं माझं नाव लिहिलेलं. चार वर्षं झाली, ते खोक्यातच आहे. त्या खोक्यानं माझ्यासोबत दोन घरं बदलली. मले दोन मजले नको होते, गेट नको होतं. मले एक भिंत पाहिजे होती, जिच्यात खिळा ठोकताना कोणाची परवानगी लागणार नाही. त्यात दिवाळीले मालकानं सांगतलं का पोराचं लग्न आहे, होळीपर्यंत घर खाली करा. म्हणजे आता बारावं भाड्याचं घर. या गुडघ्यांनी ते होणार नव्हतं.

हे मी यांना कधी तोंडानं म्हटलं का? नाही म्हटलं. चाळीस वर्षं सोबत राहून ज्या माणसाले दिसत नाही, त्याले सांगून काय होणार, असं वाटायचं.

पांढुर्णा जिल्हा झाला तसे तिथले भाव चढले, म्हणून तिकडं पाहणं आम्ही सोडलंच होतं. पण डिसेंबरात चंद्रकलाबाईंच्या घराचं कळलं. बाई सत्तरीच्या, एकट्या, पोराकडं भोपाळले चालल्या होत्या. तीन खोल्या, मागं थोडं अंगण, त्यात बोअर. यांनी गोटी सोडली, ती जागची हलली नाही. भिंती कोरड्या. कागद मागून घेतले, चार दिवस घरी पाहिले, त्यात खोट सापडली नाही. शेजारीही बरे.

हे बाईंशी बोलत बसले तेव्हा मी मागं जाऊन बाटली भरली. परत येताना समोरच्या खोलीत थांबली. खिडकीच्या बाजूची भिंत रिकामी होती. तिथं घड्याळ लावलं असतं तर स्वयंपाकघरातूनही दिसलं असतं. मी कोणत्याच घरात असं काही मनात आणू देत नसे. त्या दिवशी आणलं.

दुसऱ्या दिवशी डाळ चढवली. अर्ध्या तासानं पाहिली, पाऊण तासानं पाहिली. एक तास झाला, गॅस जळून राहिला, आणि दाणे तसेच्या तसे, पळीले टकटक लागत. मी गॅस बंद केला. वाटलं, आता हे म्हणतील नाही शिजलं, आणि मग बत्तिसावं घर, तेहतिसावं घर, आणि मधात ते भाड्याचं. मग मी, जिनं छत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या, तिनं ते पातेलं मोरीत ओतलं. आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसरी डाळ शिजवली आणि यांच्यापुढं वाटी ठेवली.

यांनी दाणा दाबला. लोणी झालेली डाळ. चाखली. माझ्याकडं पाहिलं, मग वाटीकडं पाहिलं.

"शिजलं," हे म्हणाले. "घेऊन टाकू."

रजिस्ट्री होईपर्यंत मले धाक होता. हे आणखी एकदा पाणी आणायले सांगतील, एखादा शेजारी बोलून जाईल. काही झालं नाही. फेब्रुवारीत सामान घेऊन आम्ही पांढुर्ण्याले आलो. चंद्रकलाबाई किल्ली द्यायले थांबल्या होत्या. स्वयंपाकघरात पाणी भरायचा एक पितळी गुंड होता, तो माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, "हा तुमालेच ठेवा. नळ आला का पहिले हा भरायचा. वरणाले हेच पाणी. बोअरच्या पाण्यात काही डाळ शिजत नाही बाई, मी तुमच्या यजमानाले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

मी त्यांची गाडी जाऊ दिली. मग आत आली. हे सामानाच्या दोऱ्या सोडून राहिले होते.

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मग शिजलं कशाले म्हटलं?"

यांनी एक गाठ सोडवली, मग दुसरी. "तीस घरं झाली," हे म्हणाले. "तू एकदाही म्हटली नाही का हे घेऊ. न शिजलेलं वरण मुकाट्यानं आणून ठेवायची. मले वाटे, तुले कोणतंच पसंत नाही. म्हणून मी आपला खोट शोधत राहो. यावेळी तू डाळ बदलली. तेव्हा समजलं का हे घर तुले पाहिजे."

"तोंडानं विचारता येत नव्हतं?"

"तुले सांगता येत नव्हतं?"

मी गादीच्या वळकटीवर बसली आणि मले रडू आलं. राग त्यांचा होता का माझा, तेही समजेना. सहा वर्षं. तीन-चार घरं तर अशी होती का हट्ट केला असता तर आज चार पावसाळे आपल्या घरात काढले असते. तसं त्यांच्या तोंडावर म्हटलंही मी. हे खालमानेनं दोऱ्या गुंडाळत राहिले.

थोड्या वेळानं उठले. हातोडी शोधली, खिळा शोधला, माझं खोकं नेमकं कुठं आहे ते यांना माहीत होतं. घड्याळ काढलं, मागचं नाव शर्टानं पुसलं. स्टूल सरकवून खिडकीजवळच्या भिंतीपाशी चढले. मी काही दाखवलं नव्हतं, तरी बरोबर तिथंच. खिळा भिंतीवर टेकवला, हातोडी उचलली आणि तसेच थांबले.

"इथं ठोकू का?" यांनी विचारलं.

चाळीस वर्षांत घराबद्दल मले कोणी पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी पदरानं नाक पुसलं आणि लांबून नीट पाहून घेतलं.

"जरा वर," मी म्हटलं.