ठमीची शिस्त

खडू उमटेना म्हणून सरांच्या बायकोने त्याच रेघेवरून पुन्हा हात ओढला. तरीही उमटेना, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की खडू चांगला आहे, कापड ओलं आहे. ती गुडघ्यांवर बसली होती तशीच मागे सरकली. खोलीभर गिऱ्हाइकाच्या पडद्यांचं निळं कापड पसरलेलं होतं आणि त्याच्या मधोमध ताटाएवढा डाग.

"अहो," तिने हाक मारली. आवाज चढलेला नव्हता, पण स्वयंपाकघरात कप विसळणाऱ्या सरांना तेवढ्यावरूनच कळलं. ते हात न पुसता आले.

ठमी दाराआड उभी होती, भिंतीला नाक लावून. पंधरा वर्षांची कुत्री, मागचे पाय किंचित वाकलेले, शेपूट पोटाशी. खोलीत दोघं आहेत हे तिला कळत होतं, पण ती मान वळवत नव्हती. जणू आपण त्यांना नाही पाहिलं, तर आपणही त्यांना दिसणार नाही.

सर म्हणजे काही शाळेतले सर नव्हेत. त्यांनी गाडी चालवायला शिकवण्यात आयुष्य घालवलं. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकली, आणि ज्यांना शेवटपर्यंत आलं नाही तेही त्यांना सरच म्हणतात. शिकवायच्या गाडीत सरांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा ब्रेक असायचा. काम सुटून बरीच वर्षं झाली, पण पायाची सवय गेलेली नाही. काही हाताबाहेर जायला लागलं, की उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. तो आत्ताही दाबला गेला. त्याने काय होणार होतं?

"धुतलं की जाईल," ते म्हणाले.

"जाईल. कापडाचं काही नाही."

बायकोने कापडाची चारी टोकं गोळा केली आणि ते बादलीत नेऊन टाकलं. परत येऊन ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ ठमीच्या पाठीकडे बघत राहिली.

उपाय काही कमी झाले नव्हते. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. सर त्या लोण्याच्या गोळीत दडवून भरवायचे. ठमी लोणी चाटून गोळी नेमकी सरांच्या चपलेत ठेवायची. मग कुटून दिल्या. संध्याकाळी पाणी कमी दिलं, तर ती कोरडं भांडं चाटत बसली, ते बघून सरांनीच गुपचूप भरून टाकलं. बायकोने उरल्यासुरल्या कापडातून तिला एक चड्डीही शिवली, शेपटीला भोक ठेवून, कमरेला इलॅस्टिक घालून, फुलाफुलांची. ठमीने ती निमूटपणे घालून घेतली आणि उलट्या पावलांनी चालत पलंगाखाली गेली. मागे गेलं तर चड्डी पुढे राहील, असा तिचा हिशेब असावा. वरच्या मजल्यावरच्या काकू ते बघून म्हणाल्या, "अगं बाई, अगदी आमच्या हॉलच्या पडद्यासारखी दिसतेय!" त्यांना काय उत्तर देणार? होतीच ती त्यांच्या पडद्याची.

गोळ्या संपल्या तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वय झालंय तिचं. काहींना गुण येतो, काहींना नाही. तुम्ही दोघं विचार करा. मी शुक्रवारी तुमच्याच बाजूला आहे, घरी येऊन जाईन. हो किंवा नाही तेवढं आधी कळवा." विचार कशाचा करायचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही. शेवटच्या इंजेक्शनचं नाव कुणीच काढलं नाही.

"विचार केलात?" बायकोने आता विचारलं.

"कशाचा?"

"अहो."

सर दाराजवळ फतकल मारून बसले. ठमीच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती आणखीच आक्रसली.

"पुसायचा मला कंटाळा नाही," बायको म्हणाली. "दोन पोरांचं केलंय, सासूबाईंचं केलंय. पण हे बघवत नाही हो. कधी चुकूनसुद्धा घरात केली नाही तिने. पाऊस असो, ताप असो, जिना उतरून खालीच जायची. आता दिवसातून इतक्यांदा तोंड लपवून उभी राहते. काल जेवायला आली नाही. तिला वाटतं, आपण रागावलोय."

"मी कुठे रागावलोय?"

"ते मला कळतं. तिला कसं सांगणार?"

घाबरलेल्या, रडकुंडीला आलेल्या, स्टिअरिंगला लटकलेल्या किती माणसांना त्यांनी नुसतं बोलून शांत केलं होतं. इथे बोलणंच खुंटलं होतं. मनातून ते अगदी हतबल झाले होते आणि ते लपवायचं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं.

"उद्या करतो फोन," ते म्हणाले. काय सांगायचं, ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होती. अस्तर लावायचं की नाही, लावलं तर पांढरं की त्याच रंगाचं, असं बरंच लांबलेलं बोलणं होतं. तेवढ्यात ठमी कुणकुणायला लागली. हेही हल्लीच सुरू झालेलं. कशाला कुणकुणते ते कळत नसे. बहुधा तिलाही कळत नसावं. सर लगबगीने उठले, तिच्यासमोर उकिडवे बसले, डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "शूऽऽ. ठमे, शूऽऽ. फोन चाललाय ना?"

ठमी गप्प झाली. तिने सरांच्या तोंडाकडे एकवार निरखून पाहिलं. मग ती दाराजवळच्या कोपऱ्यात गेली, खाली बसली आणि तिने केली. करून झाल्यावर भिंतीकडे तोंड वळवून उभी राहिली.

बायकोने फोनवर "मी नंतर करते" म्हटलं आणि ठेवून दिला.

"अहो, तुम्ही तिला काय म्हणालात आत्ता?"

"काय म्हणणार? गप्प बस म्हटलं."

"गप्प नाही म्हणालात. शू म्हणालात."

"तेच ते. शू म्हणजे गप्पच."

"तुमच्यासाठी!" बायकोने कपाळाला हात लावला. "पिल्लू होती तेव्हा तिला शिकवलं कुणी? मी. तुम्ही पहाटेच्या तुकडीला गाडी घेऊन निघून जायचात. मी तिला खाली झाडापाशी घेऊन उभी राहायचे आणि म्हणायचे, शू, ठमे, शू. पोरांना म्हणतात तसंच. आठवड्यात शिकली. शू म्हटलं की झाडाजवळ बसायची. पुढे म्हणायची गरजच पडली नाही, ती आपली आपण जायची."

सरांना कळायला क्षणभर लागला.

"रोज म्हणता का हो असं?"

"ती कुणकुणते तेव्हा."

"आणि कुणकुणते कधी?"

"तू फोनवर असतेस तेव्हा," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली खाली गेला. "आणि तू झोपतेस तेव्हा. आणि बेल वाजली की."

बायको आधी हसली. तोंडावर हात धरून हसली, मग हात काढून हसली, मग हसता हसता जमिनीवरच बसली. सरांनाही आवरेना. या घरात इतक्या दिवसांत कुणी असं हसलं नव्हतं. ठमीने शेवटी मान वळवून पाहिलं, की यांना झालंय तरी काय.

"म्हणजे बिचारी सांगितलेलं ऐकत होती," बायको डोळे पुसत म्हणाली. "सांगायचं घरात, आणि जागा बाहेरची. तिने करावं काय?"

सर ठमीजवळ गेले आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाले, "माझं चुकलं गं. साफ चुकलं." आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या चुका काढल्या, आणि आपण घरात बसून हे करत होतो याची त्यांना लाज वाटली. पण त्या लाजेला कुठेतरी आनंदाचं अस्तर होतं. चूक सापडली होती, म्हणजे आता ती सुधारता येणार होती. संध्याकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि पलीकडून "हॅलो" व्हायच्या आत सांगून टाकलं, "शुक्रवारी येऊ नका. विचार झाला आमचा."

त्यानंतर सरांनी जिभेला लगाम घातला. ठमी कुणकुणली, की ते नुसते तिच्यापाशी जाऊन बसत. वरच्या काकूंचा नातू जिन्यात आरडाओरडा करू लागला, तर त्यालाही "अरे, हळू, हळू" म्हणत. शिट्टीच्या आधी कुकर वाफ सोडायला लागला, की ते त्याच्याकडे संशयाने बघत आणि गॅस बारीक करत. बायको हसे. आणि खरंच, जमीन कोरडी राहिली. सकाळी कोरडी, दुपारी कोरडी. ठमी भांड्यापर्यंत येऊन जेवू लागली. एकदा तर तिने जुन्या सवयीने सरांची एक चप्पल पळवून पलंगाखाली नेली. बायकोने निळं कापड धुऊन, इस्त्री करून पुन्हा खोलीभर पसरलं, कापलं, आणि शिवायला घेतलं.

शुक्रवारी दुपारी ती आतल्या खोलीत मशीनवर बसली होती. सर आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पायाशी गोधडीवर ठमी झोपली होती, कुशीवर, पाय पसरून. स्वप्नात कुठेतरी पळत असावी, पंजे हलत होते. घरात दुसरा आवाज नव्हता. कुकर केव्हाच उतरवला होता.

पेपराचं पान उलटताना सरांची नजर खाली गेली. ठमीच्या पोटाखालून गोधडी गडद होत चालली होती. सावकाश, कडेपर्यंत, मग कडेवरून फरशीवर.

कुणी काही म्हणालं नव्हतं. ते स्वतःशीच आठवून बघू लागले, खोकलो का, शिंकलो का, पानांचा आवाज तसा झाला का. नाही. ती झोपेतच होती, तिला पत्ताही नव्हता. सरांनी पेपर मांडीवर ठेवला. तिला उठवावं असं त्यांना वाटेना. ते तसेच बसून राहिले, आणि बसल्या बसल्या त्यांना सगळं कळलं. त्यांची चूक खरी होती, पण ती या दुखण्यातला एक तुकडा होती. उरलेलं दुखणं कुणाचीच चूक नव्हतं. चूक असती तर ती करायची थांबवता आली असती. यात थांबवण्यासारखं काही नव्हतं.

आतून मशीनचा आवाज येत राहिला. एक अख्खी दुमड शिवून झाली असेल, मग दुसरी.

ठमी जागी झाली. मान उचलून तिने आधी हुंगलं. कान खाली पडले. उठताना तिचा मागचा पाय ओल्या फरशीवर घसरला, तशी ती कशीबशी सावरली आणि सरांकडे न बघता भिंतीच्या दिशेने निघाली.

"ठमे," सर म्हणाले.

ती थांबली. वळली नाही.

सर खुर्चीतून उतरून जमिनीवर बसले. "शू," ते म्हणाले. स्वच्छ, खणखणीत, पहिल्यांदा गाडीत बसलेल्याला गिअर टाकायला सांगावं तसं. "शू, ठमे. शू. हं. केलीस? केलीस की! शाब्बास. शहाणी माझी ती."

ठमीने वळून आधी गोधडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. पुन्हा गोधडीकडे. ती बराच वेळ काहीतरी जुळवत होती. मग पोटाशी गेलेली शेपूट जरा सुटली, आणि एकदा, मग आणखी एकदा, हलली. ती सरांपाशी आली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली.

आत मशीन थांबलं होतं. बायको दारात उभी होती, गळ्यात मोजपट्टी, बोटांत टाचणी.

"पुन्हा म्हणालात?"

"हो," सर म्हणाले. "गेलं तोंडातून."

ती आत आली, खाली वाकली आणि गोधडीवर तळवा ठेवला. गोधडी आरपार भिजली होती, आणि गार पडली होती. नुकतं झालेलं इतकं गार नसतं, हे दोन पोरांच्या आईला सांगावं लागत नाही. तळवा तिने लगेच उचलला नाही. सर खिडकीबाहेर बघू लागले.

"तुमच्या जिभेला हाडच नाही," ती म्हणाली.

"नाही खरं."

"आता काय, रोजच जाणार तोंडातून?"

"जाईल असं वाटतंय."

ठमीची शेपूट अजून हलत होती. बायकोने कोरड्या हाताने तिच्या कानामागे खाजवलं.

"तुम्ही घरी नसलात की मी म्हणेन," ती म्हणाली, आणि फडकं आणायला उठली.