क्रूझ लागेना

सिडनीत कोविडचे पेशंट पुन्हा वाढले आणि शेजारच्या क्वीन्सलंड राज्याने जाहीर केलं, की आपल्या रहिवाशांनी सोमवारी रात्रीपर्यंत परत यावं. नंतर येणाऱ्याला दोन आठवडे हॉटेलात क्वारंटाइन. मयूरा तेव्हा आईला घेऊन सिडनीतल्या टूनगॅबीला भास्करमामांकडे आली होती. घर क्वीन्सलंडमध्ये स्प्रिंगफील्ड लेक्सला, ब्रिस्बेनच्या पलीकडे. सोमवारी उजाडताच तिने आईला गाडीत बसवलं.

हॉटेलची भीती तिला स्वतःसाठी नव्हती. तिच्या आईला, कमलाबाईंना, वर्षभरापासून विसरायला होत होतं. नवी खोली दिसली की त्या घाबरायच्या, जेवायच्या नाहीत, दार शोधत फिरायच्या. बंद खोलीत दोन आठवडे त्यांचं काय होईल, हा विचारच मयूराला नको होता.

वाटेतलं न्यूकॅसल शहर मागे पडल्यावर क्रूझ कंट्रोल सुटला. मयूराने बटण पुन्हा दाबलं. गाडी वेग धरेना.

“काय झालं गं?” आईने विचारलं.

“काही नाही. जुनी गाडी आहे.”

मयूराच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन हिवाळ्यात झालं होतं. ब्रेक दाबता येत होता, पण ॲक्सिलरेटरवर पाय तासभर एकसारखा ठेवला की गुडघा सुजायचा. क्रूझवर गाडी आपली आपण पळते, पाय मोकळा राहतो. त्याच भरवशावर ती इतक्या लांब आली होती. आता मागे फिरून उपयोग नव्हता. केम्प्सी गाव येईपर्यंत कळ मांडीपर्यंत चढली आणि एका वळणावर पाय ब्रेककडे वेळेवर वळलाच नाही. गाडी पांढऱ्या पट्टीवरून घसटत गेली. आईने डॅशबोर्ड घट्ट धरला.

पुढच्या पेट्रोल पंपावर मयूराने गाडी घेतली. मागून आलेला एक ट्रकवाला मास्क सावरत खिडकीपाशी आला.

“तुझे ब्रेक लाइट मघापासून पेटलेलेच आहेत,” तो इंग्रजीत म्हणाला.

तिने घरी नवऱ्याला फोन लावला. प्रज्ञेशने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे गाडीला वाटतंय तू ब्रेक दाबून ठेवलायस. मग क्रूझ कशी लागेल? खाली वाकून पेडलच्या दांड्याकडे बघ.”

पेडलखालच्या मॅटवर निळ्या प्लास्टिकचे तुकडे पडले होते. दांड्याला एक भोक होतं आणि ब्रेक लाइटच्या स्विचची पिन त्यातून आरपार गेली होती.

“भोकात एक प्लास्टिकचं बटण असतं. पाय काढला की ते पिनेला आत ढकलतं, मग लाइट विझतात,” प्रज्ञेश म्हणाला. “ते चुरा झालंय. भोक बुजव. पुढच्या नंबरप्लेटचा बोल्ट बसेल बहुतेक.”

ट्रकवाल्याने पाना दिला आणि तो निघून गेला. मयूराने बोल्ट काढला. आता लाइट बघायला कोणीतरी हवं होतं.

“आई, गाडीच्या मागे उभी राहा. लाल दिवा विझला की मला सांग. तिथून हलू नकोस.”

“हलत नाही.”

सीटखाली डोकं घालून तिने बोल्ट भोकात बसवला आणि नट आवळला. “आई, विझला का?”

उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग ती बाहेर आली. गाडीमागे कोणी नव्हतं. पलीकडे हायवेवर ट्रक एकामागून एक सुसाट जात होते. ती लंगडत पंपाच्या टोकापर्यंत धावली.

आई टॉयलेटच्या बाजूला, दुसऱ्याच एका चंदेरी गाडीमागे उभी होती. हात मागे बांधून दिव्याकडे एकटक बघत.

“हिचा दिवा लागतच नाही गं,” ती काळजीने म्हणाली.

मयूराने तिला जवळ ओढलं. रडू येत होतं, पण ते आईला दिसू द्यायचं नव्हतं. तिला धरूनच ती आपल्या गाडीपाशी आली. लाल दिवे विझले होते. मग आत बसून, बाहेर उभ्या आईचा हात खिडकीतून धरून तिने दुसऱ्या हाताने ब्रेक दाबला.

“आता?”

“लागला,” आई मागच्या दिव्याकडे मान वळवून म्हणाली. “आता विझला.”

हायवेला लागल्यावर मयूराने श्वास रोखून बटण दाबलं. हिरवी खूण उमटली. तिने पाय काढून घेतला. गाडी तशीच पळत राहिली.

क्वीन्सलंडच्या बॉर्डरवर गाड्यांची लांबलचक रांग होती आणि रांगेत क्रूझचा काही उपयोग नव्हता. पुढे, थांब, पुढे, थांब. प्रत्येक ब्रेकला ती ओठ चावत होती. अजून उजेड होता, पण रांग मुंगीच्या गतीने सरकत होती. पोलिसाने प्रवेशाचा पास बघितला, लायसन्सवरचा पत्ता बघितला, मग आत वाकून आईकडे.

“कुठे चाललात?” त्याने तिलाच इंग्रजीत विचारलं.

मयूराने प्रश्न मराठीत सांगताच कमलाबाई ताठ बसल्या. “घरी,” त्या म्हणाल्या.

त्याने हाताने पुढे जायची खूण केली आणि मयूराने गाडी पुढे काढली. घरी पोचल्यावर प्रज्ञेशने मयूराला उचलूनच आत नेलं. तो दरवाजा बंद करायला मागे वळला, तेव्हा कमलाबाई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होत्या.