राखेचा दगड कुठल्या टेबलावर

नमुन्यांच्या खोलीतला पाण्याचा पाइप फुटला तो नेमका सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी कुलूप काढून दार ढकललं, तर आतलं पाणी त्यांच्या चपलांवरून वाहत व्हरांड्यात आलं. मामा म्हणजे कॉलेजच्या भूशास्त्र विभागातले प्रयोगशाळा मदतनीस. त्यांना खरोखरचे भाचे होते की नाही कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणे. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खोलीतलं मात्र बरंचसं अजून तसंच उभं होतं.

लाकडी फळ्या भिजून कोसळल्या होत्या. खडकांचे नमुने एकमेकांच्या उरावर पडले होते, आणि प्रत्येकाला गोंदाने डकवलेली नावाची चिठ्ठी सुटून तिचा लगदा झाला होता. विभागात नुकतीच लागलेली तरुण प्राध्यापिका धावत आली आणि दारातच थबकली.

"सगळे निनावी झाले, मॅडम," मामा म्हणाले. "आणि शुक्रवारी शाळेची मुलं यायचीत बघायला."

या मॅडमना घरी ठकी म्हणत. ढिगाकडे बघताना ठकीच्या मनात पहिली आली ती आत्या. हे खडक तिनेच डोंगर पालथे घालून जमवले होते. याच विभागात ती वर्षानुवर्षं शिकवत होती. मग काचबिंदूने तिची दृष्टी नेली, ती भावाकडे, म्हणजे ठकीच्या घरी राहायला आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती बसलीच. फिरायला चल म्हटलं तर म्हणायची, "मला काय दिसतंय!" गाण्याच्या कार्यक्रमाला चल म्हटलं तरी तेच, "मला काय दिसतंय!" ठकीचे बाबा म्हणत, "अगं, गाणं ऐकायचं असतं," पण व्यर्थ.

ठकीला खडक ओळखता येत नव्हते असं मुळीच नाही. पण त्या सकाळी तिने एक बेत केला. संध्याकाळी ती आणि मामा चिखलाने माखलेले दगड बादल्यांत भरून घरी घेऊन आले आणि एक बादली सरळ जेवणाच्या टेबलावर रिकामी केली.

"अरे, अरे! जेवायचं कुठे?" बाबा ओरडले.

"मांडीवर," ठकी म्हणाली. तिने एक दगड धुतला आणि आत्याच्या हातात दिला. "आत्या, हा ओळखूच येत नाहीये गं मला."

"मला काय दिसतंय!"

"बघू नकोस. नुसता धर."

दगड हातात आलाच होता, तो खाली टाकायचा तरी कुठे, म्हणून आत्याने धरला. तळव्यावर झेलून वजन घेतलं. मग तिचा अंगठा त्याच्यावरून फिरायला लागला.

"जड आहे. कण हाताला लागत नाहीत. आणि अंगावर देवीचे वण असावेत तशी भोकं." ती थांबली. "बेसाल्ट हा. लाव्हा उघड्यावर आला, भराभर निवला, कण मोठे व्हायला वेळच मिळाला नाही. भोकं म्हणजे त्याच्या पोटातला वायू बाहेर पडला त्याचे बुडबुडे. ठके, हा तुला ओळखू आला नाही?"

"नाही ना."

"तुला नोकरी दिली कुणी?"

ठकीने मान खाली घालून दुसरा दगड पुढे केला.

"हं, याचे कण बघ कसे वेगवेगळे लागतात. हाही आगीतूनच जन्मलेला, पण जमिनीच्या पोटात, वर जाडजूड पांघरूण घेऊन सावकाश निवला. घाई नाही, गडबड नाही, म्हणून स्फटिक पोसले. ग्रॅनाइट." आत्या खुर्चीत सरसावून बसली. "ती बादली इकडे आण. आणि घरात तीन जागा मोकळ्या करा. आगीत जन्मले ते अग्निजन्य, ते टेबलावर. गाळ साचून घट्ट झाले ते गाळाचे, ते सोफ्यावर. आणि या दोघांपैकी कुणीही दाबाने-उष्णतेने आपलं रूप पालटलं, तर तो रूपांतरित. ते माझ्या पलंगावर."

"पलंगावर?" बाबा म्हणाले. "मग झोपणार कुठे?"

"मांडीवर," आत्या म्हणाली, आणि मामा फस्सकन हसले.

त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेना. एका दगडावरून हात फिरवला की वाळू बोटांना चिकटे. तो वाळूचा खडक, रवानगी सोफ्यावर. एका चपट्या दगडावर आत्याने तोंडाची वाफ सोडली आणि तो हुंगला. "ओल्या मातीचा वास. चिखलाचा शेल आहे." दुसरा तसाच चपटा दगड आला तेव्हा तिने बाबांकडून चमचा मागून घेतला आणि दगडावर मारला. ठण्ण असा आवाज आला.

"हा त्याच चिखलाचा, पण दाबला गेलेला. म्हणून वाजतो. शाळेच्या पाटीचा दगड. पलंगावर!"

"एवढा दाबला गेला तर वितळला कसा नाही?" मामांनी विचारलं.

"वितळला असता तर निवून अग्निजन्य झाला असता, टेबलावर गेला असता ना! घट्ट राहूनच बदलायचं, यातच तर मजा आहे."

एका दगडाला तिने चमच्याने ओरखडे काढले, वर लिंबू पिळायला लावलं आणि दगड कानाशी नेला. "फसफसतोय. चुना आहे याच्यात." बाबांनी उत्सुकतेने तोच दगड आपल्या कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "माझ्याशी काही बोलत नाही बुवा." मग आत्याने बोटं फिरवून सांगितलं, कणांना साखरेसारखी धार आहे, म्हणजे साधी चुनखडी नाही, तिचाच दाबाने-उष्णतेने झालेला संगमरवर. बाबांनी तो स्वतः अदबीने पलंगावर नेऊन ठेवला, उशीपाशी.

एकदा मात्र ती फसली. एका ओबडधोबड तुकड्यावरून तिने मोठ्या तोऱ्यात हात फिरवला. "गोल गोटे, मध्ये वाळू, सगळं घट्ट जमलेलं. जुन्या नदीचा काठ आहे हा. असा नमुना सहजासहजी मिळत नाही!"

मामा खाकरले. "बाई, तो आपल्या खोलीच्या उंबऱ्याचा काँक्रीटचा तुकडा आहे. माझ्याच हातून आला बादलीत."

आत्याने तुकडा पुन्हा एकदा चाचपला. मग आत्या हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिला ठसकाच लागला. ती हसतेय म्हणून मामा, मामा हसतायत म्हणून बाबा, आणि ठकी पदराने पुसावेत तसे डोळे ओढणीने पुसत होती. घरात हे हसू फार दिवसांनी ऐकू आलं होतं.

पुढचा दगड मात्र आत्या बराच वेळ चाचपत राहिली. "ग्रॅनाइटसारखा लागतोय. पण मन घेत नाही." तिने हात लांब केला. "ठके, तुझे डोळे दे जरा. काळा-पांढरा रंग विखुरलाय, की पट्टे पडलेत?"

दृष्टी गेल्यापासून आत्याने कुणाकडे हे असं काही मागितलं नव्हतं. ठकीने दगड दिव्याखाली धरला. "पट्टे आहेत. लाटांसारखे."

"मग हा नाइस. ग्रॅनाइट दाबून दाबून झालेला. शाबास." आणि हळूच म्हणाली, "बेसाल्ट ओळखू येत नाही म्हणे! मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?"

ठकी लाजली, पण आत्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

सगळ्यात शेवटी निघाला एक हलका, खरखरीत दगड. त्यात बारीक थर हाताला लागत होते. दोघींनीही तो लगेच ओळखला, आणि तिथेच भांडण पेटलं.

"ज्वालामुखीची राख," ठकी म्हणाली. "अग्निजन्य. टेबलावर."

"राख आगीची, कबूल. पण ती उडाली, खाली बसली, थरावर थर साचले, मग घट्ट झाली. साचून झाला तो गाळाचा. सोफ्यावर."

"आत्या, सगळी पुस्तकं ज्वालामुखीच्या घरातच टाकतात त्याला!"

"सगळी नाहीत. आणि टाकत असली तर मी पुस्तकांशीही भांडेन."

"मध्ये जमिनीवर ठेवा ना," बाबा म्हणाले.

"तू गप्प बस," आत्या म्हणाली. "बाबा, तुम्ही थांबा," ठकी म्हणाली. दोन्ही वाक्यं एकदमच आली.

बराच वेळ झाला तरी दोघी हटेनात. शेवटी आत्या उठून उभी राहिली. "शुक्रवारी मी येते कॉलेजात. नाहीतर तू त्या पोरांना चुकीचं शिकवशील."

ठकीने आनंद गिळून टाकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ये. मलाही मुलांसमोरच निकाल लावायचाय."

शुक्रवारी खोली कोरडी झाली होती. तीन टेबलं मांडली होती, दगडांवर नव्या चिठ्ठ्या होत्या. आत्या काठी टेकत आत आली तशी मुलं कुजबुजली. पुढच्या ओळीतल्या एका मुलीने सरळ विचारलं, "तुम्हाला दिसत नाही?"

"नाही. आणि आता तुम्हालाही दिसणार नाहीये. मिटा डोळे, करा हात पुढे!"

पुढचा सगळा वेळ खोलीत नुसता गलबला होता. मुलं डोळे मिटून दगड हुंगत होती, वाजवत होती, गालाला लावत होती. कुणी बेसाल्टला अग्निजन्य टेबलावर ठेवलं की टाळ्या, कुणी पाटीचा दगड गाळाच्या टेबलावर नेला की "वाजवून बघ, वाजवून बघ!" असा कल्ला. आत्याने एक दगड बादलीतल्या पाण्यात सोडला आणि तो तरंगला, तेव्हा तर मुलांनी खोली डोक्यावर घेतली. "लाव्हाचा फेस हा, प्युमिस," ती सांगत होती. "पाण्यावर येतो एवढी हवा भरलीय आत."

मग राखेचा दगड निघाला. आत्याने आपली बाजू मांडली, ठकीने आपली. मुलांना काय, भांडण म्हटलं की हुरूप येतोच. अर्धी इकडे धावली, अर्धी तिकडे, आणि दगड या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी आत्यानेच हात वर केले.

"ऐका रे. याचं माहेर आगीत आणि सासर गाळात. माझ्या भाचीने माहेरचं नाव लावलं, मी सासरचं. बरीचशी पुस्तकं तिच्या बाजूने आहेत, हे मला मान्य करायला हवं. पण भांडण संपलं असं समजू नका. तुम्ही मोठे झालात की पुढे चालवा."

दगड अग्निजन्य टेबलावर गेला, पण अगदी कडेला. तो आत्याने तिथे ढकलला होता.

घरी जाताना तिचं बोलणं थांबेना. टेकडीच्या बाजूला नवा रस्ता कापतायत म्हणे, मामांनी सांगितलं, ताजा उघडा कडा आहे, तिकडे जायलाच हवं. "मला काय दिसतंय" हे ऐकायला सवयीने तयार असलेले बाबा नुसतेच बघत राहिले.

रविवारी काम बंद होतं. मुकादमाची परवानगी काढून चौघं कड्याशी गेली. आत्याने काठी मामांकडे दिली आणि दोन्ही तळवे कड्यावर टेकवले. खालून वर, हळूहळू. "इथे माती आहे. वरची वरची कडक, भाजल्यासारखी. रंग कसला, ठके?"

"लाल. विटेसारखा लाल."

"मग याच्यावर लाव्हा येऊन बसलाय. मातीला चटका देऊन!" तिने टाचा उंचावल्या, बोटं जेमतेम वरच्या काळ्या खडकाला लागली, आणि ती लहान मुलीसारखी खुदकन हसली. "लागला, लागला! अजून वर काय आहे?"

"ते कुणाला माहीत," बाबा म्हणाले. "हात नाही पोचत."

"मग बघत काय बसलायस? शिडी आण!"

आणि बाबा खरंच शिडी शोधायला धावले.