नाल उतरवल्यावर

मी एक म्हातारा काळा घोडा आहे. कल्याणजवळ मोहन्याला, नदीजवळच्या वस्तीत, पत्र्याच्या तबेल्यात राहतो. मित्रांनो, मला एका जागी स्वस्थ उभं राहवत नाही. पुढचा एक पाय ठणकला की भार दुसऱ्यावर टाकतो. तो ठणकला की पुन्हा पहिल्यावर. माझं सगळं बोलणं असं पाय बदलत बदलतच चालायचं.

मी वरातीचा घोडा होतो. कल्याणपासून बाळकुमपर्यंत किती नवरदेव माझ्या पाठीवर बसले! बँड वाजला की मी नाचायचो आणि लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे. एकदा बाळकुमच्या एका कॉम्प्लेक्सच्या गुळगुळीत फरशीवर माझे नाल घसरले. पुढच्या दोन्ही पायांच्या शिरा दुखावल्या. सूज उतरली, पण पाय पहिल्यासारखे झाले नाहीत. तरी लग्नं आली की पट्ट्या बांधून मला उभं करायचे.

माझे मालक राजरत्न. त्यांची बायको माया मिठाच्या गरम पाण्यानं माझे पाय शेकायची.

"आता बास करा हो. याला नाचवू नका," ती म्हणायची.

"एवढा सीझन जाऊ दे," मालक म्हणायचे.

त्याच सीझनमध्ये माया तापानं गेली. मालकांनी वराती बंद केल्या. मारुती नालबंदाला बोलावून माझे चारही नाल काढून टाकले.

नाल गेल्यावर पाय हलके झाले, पण खडी बोचायला लागली. मालकांनाही घरात बसवत नव्हतं. चहा अर्धा टाकून ते बाहेर यायचे आणि मला नदीकडे न्यायचे. पहिल्याच दिवशी मी खडीवर अडलो. त्यांनी दोरी ओढली, मी हललो नाही. मग त्यांनी चपला काढल्या, स्वतः दोन पावलं टाकली आणि "आयला!" म्हणून उडालेच. तेव्हापासून ते माझ्याबरोबर अनवाणी चालतात. त्यांना टोचतं तिथून मला नेत नाहीत.

मग त्यांचा पुतण्या सिद्धेश नालासाठी मागे लागला. काळ्या घोड्याच्या पायातून आपोआप गळालेला नाल दाराला लावला की साडेसाती टळते, असं लोक मानतात. पकडीनं काढलेला चालत नाही. सिद्धेशनं त्याच्या साहेबांना तसा नाल कबूल केला होता.

एका सकाळी मालक अंघोळीला गेले असताना तो मारुतीला घेऊन आला. "काकांनीच सांगितलंय," म्हणाला. मारुतीनं माझा पुढचा पाय उचलला. सगळा भार दुसऱ्या दुखऱ्या पायावर आला. मी थरथरायला लागलो. मारुतीनं हातोडी उचलली.

"पाय खाली ठेव त्याचा!" मालक ओल्या अंगानं धावत आले.

"अरे काका, एकच तर नाल! सैल ठोकू. डांबरी रस्त्यावर फिरवला की आठवड्यात गळेल."

"सिद्धेश, बूट काढ."

"काय?"

"काढ. याच्याबरोबर नदीपर्यंत चल. मग नाल ठोक."

मालकांनी माझी दोरी धरली. सिद्धेश बूट काढून हसत बरोबर निघाला. खडीवर त्याचं हसू संपलं. "आई गं! काका, काच आहे का इथे?"

"भाऊ, आता तुझ्याच पायाला ठोकू का?" मारुती मागून म्हणाला.

सिद्धेश तिथेच खाली बसला, तळवा चोळत. जरा वेळानं म्हणाला, "साहेबांना काय सांगू?"

"सांग, घोडा रिटायर झालाय."

मारुतीनं हातोडी पिशवीत टाकली. मी अजून थरथरत होतो, पाऊल पुढे टाकवत नव्हतं. मालक पूर्वीसारखे असते तर त्यांनी दोरीला हिसका दिला असता. या वेळी त्यांनी दोरी सैल सोडली आणि माझ्या मानेला टेकून उभे राहिले. किती तरी वेळ. इतके स्वस्थ ते माया गेल्यापासून मला दिसले नव्हते.

मित्रांनो, आयुष्यभर राबलेलं जनावर वाटेत थांबलं, तर त्याला ओढू नका. तुम्हीही थांबा.