मेंढ्याविना झालेलं कोकरू

मरोळच्या गाळ्यांमागे, पत्र्याच्या मठात, सकाळपासून दोनशे माणसं एका मेंढीच्या दर्शनाला उभी होती. तिच्यापाशी कालच जन्मलेलं कोकरू. "तीन महिने ही इथं एकटी," बाबा सांगत होता. "कॅमेरा चालू. मेंढा फिरकला नाही. फक्त अंगारा! ज्यांना मूल नाही त्यांनी सुया बंद करा, अकरा दिवस अंगारा घ्या."

माझी शेजारीण सुगंधा सुनेला घेऊन रांगेत होती. अक्षताच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलासाठी दवाखान्याची रोजची इंजेक्शनं चालू होती.

"चार दिवस बंद केलीत, रेवतीताई," अक्षता खाली बघत म्हणाली.

"मेंढी विकणारो खंडू शपथेवर सांगता, कळपात मेंढोच नव्हतो," सुगंधा म्हणाली.

मी पशुवैद्य. तीस वर्षांत इतके बाबा पाहिलेत की आता राग येत नाही, नुसता शीण येतो. पण अक्षतासाठी पुढे झाले. मेंढीच्या कानावरची झेंडूची माळ उचलली. खाली पिवळा बिल्ला, त्यावर माझ्याच अक्षरातला नंबर.

"मेंढी किती महिने गाभण असते, बाबा?"

"देवाच्या इच्छेवर."

"पाच महिने. इथं आली तेव्हाच दोन महिन्यांची गाभण होती." मग कोपऱ्यातल्या खंडूकडे वळले. "मेंढा नव्हता ना?"

"नव्हता बाई. तुम्ही होता. पण तसं कुणी विचारलंच नाही."

मग सगळं सांगत बसले. या जातीचे नर मोजकेच उरलेत. जात टिकावी म्हणून एका मेंढ्याचं वीर्य काढून अंड्याच्या बलकाच्या द्रावणात मिसळायचं, पाच अंशांवर थंड ठेवायचं, आणि दिवसभरात लांबच्या वाड्यांवर नेऊन कृत्रिम रेतन करायचं. हिचंही पाच महिन्यांपूर्वी मीच केलं होतं. कोकराचा बाप शंभर किलोमीटरवर चारा खात होता.

"त्या थंड डब्यातही परमेश्वरच," बाबा म्हणाला. निम्म्या माना डोलल्या.

अक्षतानं तिथूनच दवाखान्यात फोन लावला. ऐकलं, ठेवला. "या खेपेची इंजेक्शनं वाया गेली. पुन्हा पहिल्यापासून."

"माजाच चुकला गो," सुगंधा म्हणाली आणि सुनेचा हात धरून रडू लागली. मलाही फार वाईट वाटलं.

रांग तशीच सरकत होती. म्हणून तुम्हालाच सांगते. हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा. आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. चुकलेले दिवस अंगाऱ्यानं परत येत नाहीत.